अर्धी कॉइल गार, अर्धी कोमट का राहते?

एअर कंडिशनर पूर्ण जोरात चालू आहे. फिल्टर स्वच्छ आहे, गॅसचं चार्जिंग बरोबर आहे, तरी कूलिंग कमी पडतंय. पॅनेल उघडून इव्हॅपोरेटर कॉइल, म्हणजे खोलीतली हवा गार करणारं नळ्यांचं जाळं, बघितली तर खालच्या भागाला घाम फुटलाय, फिनवरून (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांवरून) पाणी ओघळतंय, आणि वरचे फिन मात्र ठणठणीत कोरडे. त्यांना हात लावला तर ते जवळपास आत येणाऱ्या हवेइतकेच कोमट लागतात. कॉइल एकच, व्हॉल्व्हही एकच, मग वर एक आणि खाली एक असं का?

अशा वेळी पहिला हात जातो तो गॅसच्या सिलिंडरकडे किंवा व्हॉल्व्हच्या स्क्रूकडे. पण दोष बऱ्याचदा रेफ्रिजरंटच्या, म्हणजे एसीतल्या गॅसच्या, प्रमाणात नसतो, वाटणीत असतो. एकूण माल पुरेसा आलेला असतो, पण काही नळ्यांना तो भरभरून मिळतो आणि काहींची उपासमार होते.

वाटणी करावीच का लागते

मोठी कॉइल म्हणजे एकच लांबलचक वळणावळणाची नळी केली असती, तर वाटणीचा प्रश्नच आला नसता. पण एवढ्या लांब नळीतून सगळा रेफ्रिजरंट ढकलायचा तर दाब खूप पडतो. कॉम्प्रेसरला आणखी कमी दाबावर ओढावं लागतं, वीज जास्त जाते आणि कूलिंग घटतं. म्हणून कॉइलच्या नळ्या चार, आठ, बारा अशा समांतर वाटांमध्ये जोडतात. त्या प्रत्येक वाटेला सर्किट म्हणतात. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब पाडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, निघालेला माल सुरुवातीला या सगळ्या सर्किटांत विभागला जातो आणि शेवटी सक्शन हेडरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या जाड नळीत, पुन्हा एकत्र येतो.

आता विभागायचं काय, ते नीट बघू. बोलताना आपण सगळ्यालाच गॅस म्हणतो आणि इथेच डोक्यात गोंधळ होतो. व्हॉल्व्हच्या आधी लाइनमध्ये असतो तो द्रव. व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम पडतो, त्यातला काही भाग तिथल्या तिथे उकळून वाफ होतो आणि उरलेल्या द्रवाला गार करतो. या वाफेला फ्लॅश गॅस म्हणतात. आर-४१०ए हा एसीतला एक रेफ्रिजरंट घेतला, द्रव ४० अंशांवर व्हॉल्व्हपाशी आला आणि कॉइल ७ अंशांवर चालत असली, तर वजनाने साधारण चौथा हिस्सा आधीच वाफ झालेला असतो.

वजनाने चौथा हिस्सा, पण जागेच्या हिशेबाने चित्र उलटं आहे. ७ अंशांवर या रेफ्रिजरंटचा द्रव वाफेपेक्षा सुमारे ३० पट जड असतो. त्यामुळे व्हॉल्व्हनंतरच्या नळीतली ९० टक्के जागा वाफेने व्यापलेली असते आणि द्रव उरलेल्या दहाव्या हिश्शात थेंब, पापुद्रा, ओघळ अशा रूपांत पळत असतो. आर-१३४ए या दुसऱ्या रेफ्रिजरंटमध्ये तर दोघांच्या घनतेत सुमारे ७० पट फरक आहे. आणि कूलिंग करतो तो फक्त द्रव. वाफ कॉइलमधून नुसती प्रवास करून जाते, उष्णता जवळपास उचलतच नाही. म्हणजे समान वाटायचा आहे तो हा दहा टक्के जागेत दडलेला द्रव, आणि तोही त्याच्या अवतीभवतीच्या नव्वद टक्के वाफेच्या गर्दीतून.

नुसता द्रव किंवा नुसती वाफ वाटणं सोपं असतं, दोन वाटांचा अडथळा सारखा ठेवला की झालं. मिश्रण तसं ऐकत नाही. साधा टी-जॉइंट घ्या. वाफ हलकी, ती सहज वळते. द्रव जड, तो आपल्या वेगाच्या भरात सरळ जातो. एका फाट्यात द्रव जास्त, दुसऱ्यात वाफ जास्त. नळी आडवी असेल आणि वेग कमी असेल तर द्रव तळाशी बसतो आणि खालच्या बाजूला असलेलं तोंड सगळा द्रव गिळतं. एल्बोमधून वळताना द्रव बाहेरच्या भिंतीवर फेकला जातो आणि पुढे बराच वेळ त्याच बाजूने चिकटून चालतो.

जास्त मिळालेलं सर्किट सगळ्यांवर राज्य करतं

एका सर्किटाला थोडं जास्त, दुसऱ्याला थोडं कमी मिळालं तर बिघडलं कुठे, एकूण बेरीज तीच ना? हा प्रश्न रास्त आहे, पण एक्स्पान्शन व्हॉल्व्हमुळे बेरीज तीच राहत नाही.

आठ सर्किटांची कॉइल धरा. प्रत्येक सर्किट दहा माप द्रव पूर्ण उकळवू शकतं. सहा सर्किटांना दहा-दहा मापं मिळतात, एकाला १३ आणि एकाला सात. तेरावाल्याची तीन मापं न उकळता तशीच सक्शन हेडरमध्ये येतात. व्हॉल्व्हचा बल्ब, म्हणजे त्याला तापमान कळवणारा सेन्सर, हेडरनंतरच्या लाइनवर बांधलेला असतो. त्याला ओल जाणवते, लाइन गार पडते, सुपरहीट (वाफ उकळबिंदूच्या वर किती अंश तापली आहे ते) कमी दिसतं आणि व्हॉल्व्ह बंद होऊ लागतो. कुठवर? त्या लाडावलेल्या सर्किटातून द्रव यायचा थांबेपर्यंत, म्हणजे त्याची १३ मापं दहावर येईपर्यंत. पण व्हॉल्व्हला एकट्या त्या सर्किटाचा पुरवठा कमी करता येत नाही, तो सगळ्यांचाच करतो. दहावाल्यांना ७.७ मिळतात, सातवाल्याला ५.४. बेरीज होते साडेएकसष्ट. ऐंशीच्या क्षमतेची कॉइल ७७ टक्क्यांवर आली, आणि तीही आठपैकी एकाच सर्किटाला ३० टक्के जास्त गेल्यामुळे.

प्रत्यक्षात घसरण इतकी सरळ नसते. कोरड्या सर्किटांतून येणारी गरम वाफ हेडरमध्ये थोडा द्रव उकळवते, शिवाय सक्शन दाब पडला की कॉइल आणि हवेतला तापमानाचा फरक वाढून थोडी भरपाई होते. पण त्या पडलेल्या दाबाची किंमत कॉम्प्रेसर मोजतो, आणि गणिताची दिशा तीच राहते. उपाशी सर्किटामुळे कॉइल जेवढी बुडते, त्याहून जास्त ती तुडुंब भरलेल्या सर्किटामुळे बुडते. दुरुस्तीला जाणारे मात्र बहुतेक वेळा उपाशी सर्किटच शोधत बसतात, कारण ते हाताला गरम लागतं.

व्हॉल्व्ह हंटिंग करतोय, म्हणजे सुपरहीट सारखं वरखाली होतंय, अशी तक्रारही पुष्कळदा इथूनच निघते. भरलेल्या सर्किटातून द्रवाचे गोळे थांबून थांबून येतात, बल्ब दचकतो, व्हॉल्व्ह मिटतो, मग पुन्हा उघडतो. व्हॉल्व्ह बदलून हे थांबत नाही. आणि जिथे व्हॉल्व्हऐवजी फिक्स्ड ऑरिफिस, म्हणजे ठरावीक मापाचं भोक, असतो तिथे मिटायला कोणी नसतंच. जास्तीचा द्रव सरळ कॉम्प्रेसरकडे जातो आणि ऑइल पातळ करतो.

डिस्ट्रिब्युटर काय करतो

व्हॉल्व्हच्या पुढे शंकूसारखा पितळी तुकडा असतो आणि त्यातून सारख्या लांबीच्या बारीक नळ्या फुटून एकेका सर्किटाला जातात. हा डिस्ट्रिब्युटर. तो दोन कामं करतो. आधी द्रव आणि वाफ घुसळून एकजीव करतो, आणि ते पुन्हा वेगळे व्हायच्या आत मिश्रणाचे समान भाग करतो.

घुसळण्यासाठी त्यात नॉझल असतं, मधोमध अचूक भोक असलेली एक चकती. मिश्रण त्या भोकातून जोरात निघतं आणि समोरच्या शंकूच्या टोकावर आपटून गोलाकार पसरतं. जोर यायचा तर दाब खर्च करावा लागतो. नॉझलची क्षमता ज्या दाबफरकावर ठरवतात तो आर-१३४एसाठी साधारण १ बार (जवळपास वातावरणाच्या दाबाइतका), आर-२२साठी १.७ बार आणि आर-४१०एसाठी २.४ बार. पुढच्या नळ्यांसाठी आणखी सुमारे ०.७ बार. हा दाब वाया जातो असं वाटेल, पण तो नाहीतरी पाडायचाच होता. डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हच्या कामातला वाटा उचलतो, इतकंच. फक्त व्हॉल्व्ह निवडताना हा वाटा वजा करायला विसरू नये. आर-४१०एवर कंडेन्सिंग (वाफेचा द्रव होणं) ४५ अंश म्हणजे सुमारे २७ बार, इव्हॅपोरेटिंग (द्रव उकळणं) ७ अंश म्हणजे सुमारे १० बार. मधल्या १७ बारमधून तीनेक बार डिस्ट्रिब्युटर आणि नळ्यांनी घेतले की व्हॉल्व्हसाठी उरतात जेमतेम १४.

व्हेंच्युरी प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये नॉझलची चकती नसते. आतल्या मार्गाचा घाट असा असतो की मिश्रण गळ्यातून जाताना वेग घेतं, आणि त्यासाठी खूप कमी दाब लागतो.

नळ्यांवर ०.७ बार मुद्दाम का खर्च करायचा, हे समजून घेण्यासारखं आहे. कॉइलची सर्किटं कधीच तंतोतंत सारखी नसतात. एखाद्यात एक बेंड जास्त, एखाद्यात आत ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या जोडताना वितळवलेल्या धातूचा, थेंब. समजा प्रत्येक सर्किटात ०.२ बार दाब पडतो आणि एकात ०.२४. नळ्या नसत्या तर त्या सर्किटातला प्रवाह ९ टक्के कमी झाला असता. आता आधी ०.७ बारचा सारखा अडथळा घाला. एकूण ०.९ विरुद्ध ०.९४ आणि फरक उरतो जेमतेम २ टक्के. प्रत्येकाच्या दारात मोठा आणि सारखा अडथळा उभा केला की घरातले छोटे फरक झाकले जातात. ठिबक सिंचनाच्या ड्रिपरमागेही हाच विचार आहे. उंचीचा फरकही असाच झाकला जातो. नुसत्या द्रवाचा एक मीटर उंच स्तंभ धरला तरी आर-४१०एसाठी तो ०.११ बारच भरतो.

म्हणूनच या नळ्यांशी खेळ नको. लांबी सगळ्यांची सारखी हवी. डिस्ट्रिब्युटर वरच्या सर्किटांच्या जवळ असला तरी वरची नळी कापून आखूड करायची नाही, जास्तीची लांबी मोठ्या वळणात फिरवायची. पण लांबीपेक्षाही नाजूक आहे तो आतला व्यास. लांबी २० टक्क्यांनी वाढली तर तेवढ्याच दाबावर प्रवाह ९ टक्के घटतो, आतला व्यास १० टक्क्यांनी घटला तर प्रवाह २३ टक्के. बाहेरून दोन्ही पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या नळ्या घ्या. एकीची भिंत ०.८ मिलिमीटर, दुसरीची १. आतले व्यास ४.७५ आणि ४.३५. डोळ्यांना जुळ्या बहिणी वाटतात, पण दुसरीतून पाचवा हिस्सा कमी जातो. फुटलेली नळी बदलताना हाताशी असलेला पाव इंची तुकडा लावला जातो आणि कॉइल पुढे कधीच पूर्वीसारखी चालत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

बसवताना होणाऱ्या चुका

डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हच्या तोंडाला थेट जोडलेला उत्तम. मध्ये पाइप घालावाच लागला तर तो आखूड आणि सरळ. व्हॉल्व्ह आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये एल्बो आला की द्रव एका कुशीवर येतो आणि त्या कुशीच्या नळ्या भरतात. तोंड उभं, खाली किंवा वर. आडवा बसवला तर कमी लोडला, म्हणजे कूलिंगची मागणी कमी असताना, खालच्या नळ्यांना द्रव जास्त जातो. काही युनिटांत जागेअभावी तो थोडा तिरपा झालेला असतो. तिरपेपणा बारीक दिसला तरी पूर्ण लोडबरोबरच कमी लोडलाही मोजून बघावं.

नॉझल सुटं येतं, रिंगने आत अडकवलेलं. रेफ्रिजरंट किंवा क्षमता बदलली की तेही बदलायचं असतं. दुरुस्तीत डिस्ट्रिब्युटर नवा लावला आणि नॉझल खोक्यातच राहिलं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. बाहेरून काही कळत नाही, सगळे जोड पक्के, लीक नाही. आत मात्र घुसळण होत नाही आणि द्रव त्याला वाटेल तिकडे जातो. भोक गरजेपेक्षा मोठं असलेलं नॉझल म्हणजे याचाच सौम्य अवतार. उलट फार बारीक असेल तर दाब इतका खातं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही माल पुरत नाही.

ब्रेझिंग करताना नळी डिस्ट्रिब्युटरच्या भोकात गरजेपेक्षा खोल घुसवली तर तिचं टोक आतल्या प्रवाहात डोकावतं. कमी घुसवली तर फिलर (जोडाचा वितळलेला धातू) आत ओघळून तोंड आवळतो. कापलेल्या टोकाचा आतला काठ काढला नाही तर तो काठच व्यास खातो. आणि नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला टेकू देऊ नयेत. कंपनाने घासून भोक पडतं, मग कोणीतरी ते सर्किट दोन्हीकडून चिमटून बंद करतं. काम चालतं, पण त्या सर्किटावरून जाणारी हवा गार न होताच पुढे जाते.

एक्स्टर्नल इक्वलायझर, म्हणजे व्हॉल्व्हला कॉइलनंतरचा दाब कळवणारी बारीक नळी, मात्र हवाच. इंटर्नल इक्वलायझरचा व्हॉल्व्ह आपल्या तोंडाशी असलेला दाब बघतो, म्हणजे नॉझलच्या आधीचा, कॉइलच्या दाबापेक्षा दोन-तीन बार जास्त. त्याला वाटतं कॉइल भरलेली आहे, आणि तो सतत मिटलेला राहतो. इक्वलायझर लाइन सक्शन लाइनवर बल्बच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला जोडायची, म्हणजे व्हॉल्व्हमधून चुकून गळलेला द्रव बल्बला फसवत नाही.

व्हॉल्व्हऐवजी कॅपिलरी, म्हणजे अगदी बारीक नळी, असलेल्या काही यंत्रांत प्रत्येक सर्किटाला स्वतःची कॅपिलरी दिलेली असते. तिथे द्रवाची वाटणी दाब पडायच्या आधी होते, बुडबुडे सुटायच्या आतच. म्हणून ती सोपी असते. अट एकच, कॅपिलरींच्या तोंडाशी निखळ द्रव हवा. सबकूलिंग, म्हणजे द्रवाला उकळबिंदूखाली दिलेला गारवा, कमी पडून तिथे बुडबुडे आले की हा फायदा गेला.

हवा सारखी नसेल तर

रेफ्रिजरंटची वाटणी अचूक असूनही कॉइल अर्धी कोमट राहू शकते. समान वाटप हवं ते कामाच्या मानाने. ज्या सर्किटावरून हवा कमी जाते ते कमी द्रव उकळवतं. त्याला इतरांएवढाच द्रव दिला तर ते भरून वाहतं, आणि मग वरचंच गणित सुरू होतं.

हवा असमान असण्याची कारणं साधी असतात. ब्लोअर कॉइलच्या एका टोकाला जवळ असतो, दुसऱ्या टोकाला हवेचा वेग अर्धा. ए आकाराच्या कॉइलमध्ये शेंड्याकडे आणि पायाकडे वेग वेगळा. कंडेन्सेट, म्हणजे कॉइलवर जमलेलं पाणी, खाली उतरताना खालच्या फिनमध्ये अडकतं आणि तिथला मार्ग अरुंद होतो. फिल्टरची फ्रेम एका बाजूने कॉइल झाकते. धूळसुद्धा सगळीकडे सारखी बसत नाही.

यावर खरा उपाय डिझाइनच्या वेळीच होतो. प्रत्येक सर्किटाला कॉइलचा एक आडवा पट्टा देऊन टाकला तर वरच्या सर्किटाला कायम वरची हवा आणि खालच्याला खालची. त्याऐवजी सर्किटं एकमेकांत गुंफली, म्हणजे एकच सर्किट काही वर, काही खाली, थोडं पुढच्या रांगेत, थोडं मागच्या रांगेत फिरवलं, तर प्रत्येकाला चांगली-वाईट दोन्ही हवा मिळते आणि भार आपोआप सारखा होतो. यू-बेंड वाढतात, ब्रेझिंग किचकट होतं, म्हणून स्वस्त कॉइलमध्ये हे टाळतात. तयार कॉइलमध्ये आपल्या हातात राहतं ते हवेचा मार्ग सुधारणं. आडोसा काढणं, गाइड पत्रा लावणं, फिन धुणं.

मोजायचं कसं

डिस्ट्रिब्युटरवर आरोप करण्याआधी फिल्टर, ब्लोअरचा वेग, कॉइलची स्वच्छता, चार्ज आणि सबकूलिंग बघून घ्यावं. द्रवाच्या लाइनवरच्या साइट ग्लासमध्ये (तपासणीच्या काचेत) बुडबुडे असतील तर पुढचं मोजमाप व्यर्थ आहे. युनिट पूर्ण लोडवर १५ ते २० मिनिटं स्थिर चालू द्यावं.

मग प्रत्येक सर्किटाची बाहेर पडणारी नळी, हेडरला मिळण्याच्या थोडं आधी, थर्मोकपलने मोजायची. सेन्सर तांब्याला घट्ट बांधायचा आणि वरून फोमने झाकायचा, नाहीतर मोजलं जातं ते हवेचं तापमान. थर्मल कॅमेरा झटपट चित्र देतो, पण चकाकतं तांबं त्याला फसवतं. त्याच्यावर पडलेलं आजूबाजूचं प्रतिबिंबच तो तापमान म्हणून दाखवतो. नळीवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून त्या टेपवर नेम धरावा. सक्शन दाब शक्यतो कॉइलच्या जवळ घ्यावा. लांब लाइनच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्रेसरपाशी घेतला तर तो कमी दिसतो आणि सुपरहीट खोटं वाढतं.

समजा आर-४१०ए, गेजवर १३० पीएसआय, म्हणजे संपृक्त तापमान, ज्यावर द्रव उकळतो ते, ७ अंश. सहा सर्किटांची तापमानं अशी आली: ७, ७, ८, १८, १२, १९. बल्बजवळ सक्शन लाइनवर १२. म्हणजे सुपरहीट ५ अंश, कागदावर अगदी आदर्श. फक्त बल्बजवळ मोजणारा मेकॅनिक समाधानाने पॅनेल लावून जाईल. प्रत्यक्षात दोन सर्किटं भरून वाहताहेत आणि दोन ११-१२ अंश सुपरहीटवर जवळपास अर्धी कोरडी आहेत. सहाही सर्किटं १८-१९ दाखवत असती तर वाटणी ठीक आणि एकूण माल कमी, असा अर्थ निघाला असता. सगळी ७ असती तर माल जास्त.

सर्किटांमध्ये दोन-तीन अंशांचा फरक रोजचाच आहे, त्याच्या मागे लागू नये. पाच-सहाच्या वर गेला की कारण शोधावं. आणि एक लक्षात असू द्यावं, ७ हा आकडा आंधळा असतो. जेमतेम ओलं असलेलं सर्किटही ७ दाखवतं आणि बदाबदा वाहणारंही ७च दाखवतं. कोण किती भरलंय, ते या तापमानावरून कळत नाही.

आता दोष हवेचा की रेफ्रिजरंटचा? कॉइलच्या तोंडावर तीन गुणिले चार असे बारा चौकोन मनाने आखून प्रत्येकात हवेचा वेग मोजणारा अॅनिमोमीटर धरावा. जिथे हवा जोरात तिथलीच सर्किटं गरम आणि जिथे मंद तिथली गार असतील तर दोष हवेचा. हवा सारखी आहे, तरी सर्किटं वेगळी, तर डिस्ट्रिब्युटरकडे वळावं.

तिथे फीडर नळ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधून निघणाऱ्या बारीक नळ्या, एकेक करून तपासायच्या. निरोगी नळीत ०.७ बार दाब हळूहळू पडत जातो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरकडचं टोक कॉइलकडच्या टोकापेक्षा साधारण दोन अंश गरम असतं. एखादी नळी डिस्ट्रिब्युटरपाशीच कॉइलइतकी गार असेल तर तिचा दाब सुरुवातीच्या जोडातच पडतोय, म्हणजे तिथेच फिलर किंवा कचरा अडकलाय. बर्फ धरणाऱ्या तापमानाला चालणाऱ्या कॉइलमध्ये हे डोळ्यांनीही दिसतं. अडथळ्याच्या जागी नळीवर दवाची एक कडी बाकीच्यांपेक्षा आधी पांढरी होते. दोन अंशांचा फरक टिपायला थर्मामीटर चांगला हवा, आणि तोच एक सगळ्या नळ्यांवर फिरवायचा. दोन वेगळ्या सेन्सरांमध्येच एवढा फरक असू शकतो.

कमी लोड, प्लेट आणि मायक्रोचॅनेल

कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांनी या जुन्या दुखण्याला नवं तोंड दिलं. नॉझलवरचा दाब प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. प्रवाह अर्धा झाला की १.७ बारचे ०.४ उरतात, पाव झाला की ०.१. घुसळण बंद पडते आणि द्रव आपल्या वजनाने वाट शोधतो. नॉझल सहसा ठरलेल्या क्षमतेच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत नीट चालतं. त्याखाली जायचं असेल तर मोठी कॉइल दोन डिस्ट्रिब्युटरांत विभागून, प्रत्येकाला सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह) देऊन कमी लोडला एक अर्धा बंद ठेवतात.

प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये नळ्यांऐवजी डझनावारी प्लेटा एकाच पोर्टवर, म्हणजे एकाच प्रवेशतोंडावर, जगतात. पोर्टच्या आत पुढच्या प्लेटा एक खातात, मागच्या दुसरंच. म्हणून इव्हॅपोरेटरसाठी बनवलेल्या प्लेटांना दारातच बारीक भोकाची रिंग असते. तत्त्व फीडर नळीचंच, सारखा अडथळा आधी. युनिट उभं, रेफ्रिजरंट खालून आत, आणि व्हॉल्व्ह पोर्टपासून साधारण १५ ते ३० सेंटिमीटरवर सरळ पाइपने. व्हॉल्व्ह खूप लांब ठेवला की वाटेत द्रव आणि वाफ वेगळे होतात.

मायक्रोचॅनेल कॉइल (आत बारीक वाटा असलेल्या चपट्या नळ्यांची) कंडेन्सर, म्हणजे वाफेचा द्रव करणारी कॉइल, म्हणून गुणी आहे, कारण तिच्यात शिरते ती नुसती वाफ. तीच इव्हॅपोरेटर म्हणून चालवली की हेडरमध्ये डझनभर चपट्या नळ्यांपुढे मिश्रण येतं. वेग कमी असेल तर द्रव पहिल्या, खालच्या नळ्यांत पडतो, जास्त असेल तर हेडरच्या टोकाशी जाऊन आपटतो. नळ्यांची टोकं हेडरमध्ये किती आत आली आहेत, यानेही वाटणी बदलते. हेडरच्या आत भोकांची नळी, आडवे पडदे किंवा फ्लॅश गॅस आधीच वेगळा काढून नुसता द्रव देणं, असे उपाय आहेत. हीट पंपाच्या (उलटा चालवून खोली गरम करणाऱ्या एसीच्या) बाहेरच्या कॉइलवर बर्फ कसा धरतो, त्यावरून हे ओळखता येतं. आतली वाटणी वरच बर्फाच्या नक्षीत उमटलेली असते.

पंपाने द्रव फिरवणाऱ्या मोठ्या अमोनिया प्लांटमध्ये हे दुखणं सौम्य असतं. तिथे गरजेच्या तीन-चार पट द्रव दिला जातो, तो निखळ द्रव असतो आणि प्रत्येक सर्किटाच्या तोंडाशी ऑरिफिस असतो. जास्तीचा द्रव परत टाकीत जातो, कोणत्याही बल्बला दचकवत नाही.

दुरुस्ती झाली की त्याच जागी, त्याच लोडला सहाही तापमानं पुन्हा घ्यावीत. सुपरहीटच्या स्क्रूला हात त्यानंतर. वाटणी बिघडलेली असताना स्क्रू उघडला तर उपाशी सर्किटांना थोडं जास्त मिळतं खरं, पण आधीच वाहणारी सर्किटं आणखी वाहू लागतात आणि तो द्रव कॉम्प्रेसरपर्यंत जातो. वाटणी सुधारल्यावर बल्बजवळचं सुपरहीट बदललेलं दिसेल. तेव्हा पाव फेरा फिरवावा, १५ मिनिटं थांबावं, मग पुढचा पाव.